पहिले गिऱ्हाईक हेच भांडवल : एकट्याने सॉफ्टवेअरचा व्यवसाय कसा उभा राहतो?

जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड, इचलकरंजी या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये आता गल्लीत एखादा तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाचे शिक्षण घेतलेली सापडते. कोणी बीसीए केले आहे, कोणी बीसीएस, कोणी जयसिंगपूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आहे. शिक्षण झाले की त्यांच्यासमोर दोन रस्ते ठेवले जातात. एक, पुण्याला जाऊन मिळेल त्या कंपनीत चिकटायचे. दोन, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आणि जाहिरातीची वाट पाहायची. दोन्ही रस्त्यांवर गर्दी वाढली आहे. वयाची तिशी ओलांडली तरी वाट पाहणे संपत नाही, हे आम्ही रोजच्या कामात पाहतो.

तिसरा रस्ता आहे स्वतःचा सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय. त्याबद्दल बोलायला सुरुवात केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भांडवल कुठून आणायचे?" या लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहोत. या धंद्यात खरे भांडवल म्हणजे पैसे देणारे पहिले गिऱ्हाईक. आणि आपल्या समाजातील तरुणाला पैशापेक्षाही त्याचीच वाण पडते.

'बूटस्ट्रॅप' म्हणजे काय?

वर्तमानपत्रात ज्या स्टार्टअपच्या बातम्या येतात त्यात कोणीतरी गुंतवणूकदार कोट्यवधी रुपये घालतो आणि त्या बदल्यात कंपनीतला हिस्सा घेतो. त्या पैशातून माणसे नेमली जातात, जाहिराती होतात, पहिली काही वर्षे तोटा सोसला जातो. गुंतवणूकदार दहा कंपन्यांत पैसे टाकतो. त्यातल्या बहुतेक बुडणार हे त्याने गृहीत धरलेले असते. एखादी प्रचंड वाढली की बाकीच्यांचा तोटा भरून निघतो. म्हणून त्याला सावकाश वाढणारा, महिन्याला लाख-दोन लाख मिळवून देणारा धंदा नको असतो. पण जयसिंगपुरातल्या एका कुटुंबासाठी महिन्याचे लाख रुपये म्हणजे घर, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी आणि वर शिल्लकही. गुंतवणूकदाराच्या वहीत जो धंदा अपयशी ठरतो, तोच आपल्या घरात पिढी बदलू शकतो.

स्वतःची थोडी बचत आणि गिऱ्हाइकाकडून येणारा पैसा एवढ्यावरच उभा केलेला धंदा म्हणजे बूटस्ट्रॅप धंदा. पानपट्टी, पिठाची गिरणी, टेलरिंगचे दुकान हे सगळे असेच उभे राहते. सॉफ्टवेअरमध्ये फरक एवढाच की कच्चा माल लागत नाही. एकदा लिहिलेला प्रोग्राम दहा जणांना विकला काय आणि हजार जणांना विकला काय, तो पुन्हा लिहावा लागत नाही. लिनक्स, पोस्टग्रेससारखी साधने मोफत आहेत. सर्व्हर महिन्याच्या भाड्याने मिळतो आणि सुरुवातीला तो खर्च काही शे ते काही हजार रुपयांत भागतो. म्हणजे यंत्रसामग्रीचा खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो वेळेचा, आणि त्या वेळात घर चालवण्याचा.

मोठे झालेले धंदेही या मार्गाने गेले आहेत. १९९६ साली सुरू झालेली झोहो ही कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता वाढली. २०१० साली सुरू झालेल्या झिरोधाचेही तेच. नेदरलँड्सचा पीटर लेव्हल्स हा तरुण नोमॅड लिस्ट आणि रिमोट ओके यांसारख्या सेवा कोणताही गुंतवणूकदार न घेता, एकट्याने कोड लिहून चालवत आला आहे. मात्र आपल्याला जास्त शिकवणारे उदाहरण जवळचे आहे.

रहिमतपूरचे काटकर

क्विक हील हा अँटिव्हायरस अनेकांनी वापरला असेल. तो बनवणारे कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर ते शिकले नाहीत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, काम शिकले आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान काढले. १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले.

दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. यंत्र ठीक असायचे, बिघाड व्हायरसचा असायचा. संजय यांनी तो काढण्यासाठी छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९५ च्या सुमारास क्विक हील हे उत्पादन बाजारात आले. किंमत ठेवली ७०० रुपये, परदेशी अँटिव्हायरसपेक्षा कमी. तरीही विक्री सोपी नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धंदा बंद करावा का, इथपर्यंत वेळ आली होती. त्यातून ते तगले. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली. संगणक विकणारे आणि दुरुस्त करणारे गावोगावचे दुकानदार त्यांचे विक्रेते झाले. २०१० साली सिकोया कॅपिटलने या कंपनीत ६० कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली. पहिला मोठा बाहेरचा पैसा उत्पादन बाजारात आल्यावर सुमारे पंधरा वर्षांनी आला.

या प्रवासात आपल्या कामाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. पहिली, उत्पादन आधी आले नाही, सेवा आधी आली. दुरुस्तीच्या पैशावर घरही चालले आणि प्रोग्राम लिहायला सवडही मिळाली. दुसरी, कोणता प्रोग्राम लिहायचा हे गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या यंत्रांनी सांगितले. तिसरी, अँटिव्हायरस दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. जुने गिऱ्हाईक टिकले तर पुढच्या वर्षी तेच पुन्हा पैसे देते. चौथी, विक्रीचे जाळे ज्यांच्यावर लोकांचा आधीपासून विश्वास होता त्या स्थानिक दुकानदारांच्या आधाराने विणले गेले.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिथे दोन भाऊ होते. एक बनवत होता, दुसरा विकत होता. एकट्याने धंदा करायचा तर सकाळी संजय आणि दुपारी कैलास व्हावे लागते. आमच्या पाहण्यातले बहुतेक तरुण सकाळचे काम उत्तम करतात आणि दुपारचे टाळतात. लाज वाटते, नकाराची भीती वाटते. मग वर्षभर प्रोग्राम सुधारत बसतात, आणि तो कोणाला हवा आहे हेच कळलेले नसते.

काय बनवायचे?

मोबाइल ॲपची मोठी कल्पना शोधण्यापेक्षा आपल्या भागातले हिशेब पाहावेत. इचलकरंजीत स्वतःचे सूत न घेता व्यापाऱ्याचे सूत विणून देणारे यंत्रमागधारक आहेत, ज्यांना तिथे 'खर्चीवाले' म्हणतात. कोणत्या व्यापाऱ्याचे किती बीम आले, कोणत्या मागावर चढले, किती मीटर कापड उतरले, पिकाप्रमाणे मजुरी किती झाली, कामगाराला किती द्यायचे, व्यापाऱ्याकडून किती यायचे, हे सगळे वहीत, चिठ्ठ्यांवर आणि डोक्यात असते. शिरोळ तालुक्यात ऊस आहे. ट्रॅक्टरमालक, मुकादम, तोडणी टोळी यांच्यातली उचल, फेऱ्या, वजनाच्या पावत्या यांचा हिशेब हंगामभर चालतो आणि हंगाम संपताना भांडणे होतात. मंडपवाले, खासगी क्लासेस, पतसंस्था, भाजीचे आडते, पॅथॉलॉजी लॅब, सगळ्यांचे असेच.

जिथे वही, एक्सेल आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची कसरत चालू आहे, जिथे चुकीमुळे पैसे बुडतात आणि ती चूक दर महिन्याला होते, तिथे सॉफ्टवेअरला जागा आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच धंद्यांत कामगार, हमाल, चालक, दिवाणजी म्हणून राबलेली आहेत. मागावर आयुष्य काढलेल्या बापाला पिकाचा हिशेब आणि त्यातली लबाडी दोन्ही ठाऊक असते. हे ज्ञान पुण्याच्या कंपनीत बसलेल्या इंजिनिअरकडे नाही. ते कमी लेखू नये.

सुरुवात करताना एकही ओळ लिहिण्याआधी अशा दहा-पंधरा जणांकडे जाऊन बसावे. "सॉफ्टवेअर घ्याल का?" असे विचारू नये. सगळे "बघू की" म्हणतात, आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. "मागच्या महिन्यात हिशेब कसा केलात, वही दाखवता का, किती वेळ लागला, काय चुकले?" असे विचारावे. मग त्यातल्या एखाद्यासाठी आधी मेहनताना घेऊन काम करून द्यावे, साध्या एक्सेलवर असले तरी चालेल. तीन-चार जणांसाठी तेच काम केल्यावर सारखा भाग कोणता हे दिसते. तो सारखा भाग म्हणजे आपले उत्पादन. प्रत्येकाची वेगळी मागणी पुरवत बसलो तर धंदा होत नाही, मजुरी होते.

आणि पैसे पहिल्या दिवसापासून घ्यावेत. फुकट वापरणारा माणूस चूक सांगत नाही, फक्त वापरायचे थांबतो. पैसे दिलेला माणूस फोन करून भांडतो. ते भांडणच आपल्याला पुढे काय सुधारायचे ते शिकवते.

आकड्यांचे गणित

मासिक वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे गणित सोपे आहे, पण ते बरेच जण मांडत नाहीत. समजा महिन्याची वर्गणी ६०० रुपये आहे. दर महिन्याला चार नवी गिऱ्हाइके मिळतात. आणि असलेल्यांपैकी शंभरातली दहा दर महिन्याला सोडून जातात. हा धंदा कुठपर्यंत वाढेल? गिऱ्हाइके चाळीस झाली की दहा टक्क्यांनी चार जातात आणि चार येतात. तिथेच धंदा थांबतो. महिन्याला २४,००० रुपये, त्यापुढे कितीही वर्षे काढली तरी तेवढेच.

आता विक्री तेवढीच ठेवू. फक्त सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण दहावरून चार टक्क्यांवर आणू. मग धंदा शंभर गिऱ्हाइकांपर्यंत जातो, म्हणजे महिन्याला ६०,००० रुपये. विक्रीसाठी एकही जादा फेरी न मारता. एकट्या माणसाकडे वेळ मोजका असतो, म्हणून त्याने नव्या गिऱ्हाइकामागे धावण्याआधी जुने का जाते हे शोधले पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधे असते. दुकानातला मुलगा बदलला आणि नव्याला शिकवले कोणी नाही. किंवा पहिल्या आठवड्यात जुनी माहिती भरूनच झाली नाही. पहिल्या आठवड्यात शेजारी बसून माहिती भरून द्यावी आणि दोन-तीन मिनिटांचे मराठी व्हिडिओ करून ठेवावेत. यानेच बरीच गळती थांबते.

वसुली हा दुसरा भाग. आपल्याकडे उधारी हा धंद्याचा रिवाज आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये उधारी ठेवू नये. २०२० पासून यूपीआय ऑटोपेची सोय आहे, दर महिन्याची रक्कम आपोआप वळती होते. ज्यांना दरमहा कटकट नको त्यांच्याकडून वर्षाचे पैसे एकदम घ्यावेत आणि थोडी सवलत द्यावी. व्यापारी पाडव्याला नवी वही घालतो, मार्चअखेरीस हिशेब मिटवतो, ऊसवाल्याच्या हातात बिल जमा झाल्यावर पैसा येतो. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी असतो हे पाहून नूतनीकरणाची तारीख ठेवावी.

एकट्याच्या धंद्याचे धोके

पहिला धोका घरचा आहे. आपल्यातले बहुतेक तरुण घरातले पहिले पदवीधर असतात. त्यांच्या पगाराकडे पाच-सहा जण डोळे लावून बसलेले असतात. अशा तरुणाला "नोकरी सोड आणि उडी मार" असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. नोकरी असेल तर ती ठेवून संध्याकाळी आणि रविवारी सुरुवात करावी. नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का, हे आधी वाचावे. धंद्याची कमाई घरखर्चाच्या बरोबरीला आली आणि सहा महिने टिकली, शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की मग नोकरी सोडण्याचा विचार करावा. घर गहाण ठेवून, आईचे दागिने मोडून किंवा बचतगट-मायक्रोफायनान्सचे कर्ज उचलून सॉफ्टवेअर लिहू नये. त्या कर्जाचा हप्ता पुढच्या आठवड्यात असतो, सॉफ्टवेअरचा पैसा पुढच्या वर्षी येतो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात, चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. बाहेरचा पैसा न घेता धंदा वाढवण्याचा याहून नेमका नियम आम्हाला कुठे सापडला नाही. सुरुवातीला प्रमाण जमणार नाही, पण चौथा भाग कितीही लहान असला तरी रोखून धरावा.

दुसरा धोका म्हणजे सगळे एकाच डोक्यात असणे. आपण आजारी पडलो तर पन्नास दुकानांचा हिशेब बंद पडतो. म्हणून माहितीची प्रत रोज आपोआप दुसऱ्या ठिकाणी साठली पाहिजे आणि ती परत उघडता येते का हे महिन्यातून एकदा तपासले पाहिजे. सर्व्हरचे पासवर्ड, डोमेनचे खाते, गिऱ्हाइकांची यादी हे सगळे विश्वासू माणसाला सापडेल अशा रीतीने लिहून ठेवावे. लोकांची माहिती आपल्याकडे आहे, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

तिसरा धोका शरीराचा आणि मनाचा. रात्री अकराला येणारा फोन उचलायचा की नाही हे आधीच ठरवावे आणि गिऱ्हाइकाला सांगावे. एकटे काम करणाऱ्याला चूक दाखवणारा सहकारी नसतो, कौतुक करणाराही नसतो. अशा चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. कोणाची विक्री किती, कोणाचे गिऱ्हाईक का गेले, हे खुलेपणाने बोलावे. विहाराच्या सभागृहाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

आडनाव आणि विश्वास

आता मूळ मुद्दा. वरचे सगळे कोणत्याही तरुणाला लागू आहे. पण पहिली पाच गिऱ्हाइके सगळ्यांना सारखी मिळत नाहीत. व्यापारी घरातल्या मुलाला ती मामाच्या पेढीत, काकाच्या कारखान्यात, लग्नाच्या पंगतीत मिळतात. आपल्या मुलाला ओळख सांगताना आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग गावातली गल्ली. सॉफ्टवेअर चांगले की वाईट हा प्रश्न त्यानंतर येतो, कधी येतच नाही.

हा आमचा समज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना उच्चवर्णीय आडनावांपेक्षा कमी बोलावणी आली. नोकरीत जे होते ते हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती देताना होणार नाही असे कसे म्हणावे?

बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या माणसाने मुंबईत गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. ज्ञान होते, पदवी होती, भांडवलही फारसे लागत नव्हते. गिऱ्हाईक नव्हते.

याच्या उलट गोष्ट आपल्या कोल्हापूरची आहे. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करायला सांगितले. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबू लागले, चहा मागवून पिऊ लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले.

महाराजांनी गंगारामांना मदत केली, एवढेच या गोष्टीतून सांगितले जाते. पण ती मदत कोणत्या स्वरूपाची होती हे नीट पाहिले पाहिजे. राजा चारचौघांत गिऱ्हाईक झाला. त्यामुळे पुढच्या माणसाला चहा पिणे सोपे झाले. ज्या राजाने आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही बाजारपेठ वसवली, त्याला बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाची किंमत काय असते हे ठाऊक असणारच.

सरकार गिऱ्हाईक होऊ शकते

शाहू महाराजांनी जे केले त्याचे आजचे रूप कायद्यात आहे, पण त्याची चर्चा आपल्यात कर्ज योजनांइतकी होत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ठरावीक हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो. सुरुवातीला तो २० टक्के होता, २०१८ साली २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची आहे. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले आहे. राखीव जागा न भरल्याबद्दल आपण आंदोलने करतो. ही न झालेली खरेदीही तितकीच आपल्या हक्काची आहे.

यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कोणत्याही एजंटला पैसे देऊ नयेत. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जातीचा असणे पुरेसे असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही केंद्रात अनुसूचित जातींचे हक्क आहेत, त्यामुळे जातीचा दाखला योग्य नमुन्यात आधीच काढून ठेवावा. सेवा पुरवणाऱ्यांना वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे सक्तीची नसते. तरी सरकारी खरेदीत उतरण्यापूर्वी सीएचा सल्ला घ्यावा. मात्र सरकारी बिले उशिरा निघतात हे लक्षात ठेवावे. सुरुवातीचे घर त्यावर चालवू नये.

पैशाच्या योजनाही आहेत. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टँड-अप इंडियात अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या बँक कर्जाची तरतूद करण्यात आली. ३० सप्टेंबर २०२० रोजी जाहीर झालेल्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशनमध्ये इनक्युबेटरमधल्या अनुसूचित जातीच्या तरुणांच्या नवउद्योगांत तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत हिस्सेदारीच्या रूपात गुंतवणुकीची तरतूद आहे. अटी बदलत असतात, अर्जापूर्वी ताज्या अटी पाहाव्यात. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्की या संघटनेकडूनही मार्गदर्शन मिळू शकते. आमचे म्हणणे एवढेच की हा पैसा धंदा चालतो हे सिद्ध झाल्यावर वेग वाढवण्यासाठी घ्यावा. गिऱ्हाईक नसताना घेतलेले कर्ज गिऱ्हाईक आणून देत नाही.

समाज काय करू शकतो?

आपल्यात दानाची परंपरा मोठी आहे. जयंतीला वर्गणी निघते, विहार उभे राहतात, गुणवंतांचा सत्कार होतो. पण आपल्यातल्या एखाद्या मुलीने क्लाससाठी सॉफ्टवेअर बनवले तर पहिला प्रश्न येतो : "आपल्याच माणसाला पैसे लावतेस होय?" हा प्रश्न आपण बंद केला पाहिजे. आपल्यात आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, शाळा-क्लासेस चालवणारे आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, ठेकेदार आहेत, मंडळांचे हिशेब सांभाळणारे खजिनदार आहेत. सॉफ्टवेअर त्यांना लागतेच, ते विकत घेतातच. त्यातली पहिली पाच गिऱ्हाइके एखाद्या तरुणाला पूर्ण किमतीत मिळाली तर त्याचा धंदा उभा राहू शकतो.

यात दया नको. सॉफ्टवेअर वाईट असेल तर घेऊ नये, आणि का घेतले नाही ते स्पष्ट सांगावे. चांगले असेल तर पूर्ण पैसे द्यावेत, तक्रार करावी, सुधारून घ्यावे, आणि पुढच्या बैठकीत दुसऱ्या समाजाच्या व्यापाऱ्यासमोर सांगावे की आमचा हिशेब याच्यावर चालतो. पहिल्या गिऱ्हाइकाचे खरे मोल या शेवटच्या कृतीत आहे. आपल्या पाच जणांवर कोणाचा धंदा जन्मभर चालत नाही. पण त्या पाच जणांच्या शब्दावर सहावे दार उघडते, आणि ते दार आपल्या वस्तीबाहेरचे असते.

कार्यकर्त्यांसाठी काम ठरवून घ्यायचे तर असे घेता येईल. आपल्या तालुक्यातले सॉफ्टवेअर बनवणारे तरुण-तरुणी कोण आहेत याची यादी करावी. आपल्यातले व्यावसायिक आणि संस्था कोणत्या कामासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर घेतात याची दुसरी यादी करावी. दोन्ही याद्या एकत्र ठेवून महिन्यातून एक भेट घडवून आणावी. भाषण नको, हारतुरे नकोत. एका बाजूला वही घेऊन बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला, आणि "मागच्या महिन्यात हिशेब कसा केलात?" हा प्रश्न. सभागृह आपल्याकडे आहे, माणसेही आहेत. पहिली भेट कोणत्या रविवारी ठेवायची, एवढेच आता ठरवायचे आहे.